२३ माणसं, वय २ ते ८१ : खोपोलीच्या इमॅजिकाची सहल कशी बसवायची?

पोफळीची_बाग

गुहागरहून इमॅजिका या करमणुकीच्या पार्कला जायचं घाटतंय. ८१ वर्षांच्या आजी (गुडघे गेलेले, काठी लागते), ७८ चे आजोबा (इन्सुलिनवर), साठ ते सत्तरमधले चौघे, मधल्या वयाचे आठ, १४ ते २२ मधली पाच आणि ९, ७, ४, २ अशी चार पोरं.

सध्याचा बेत: एक २६ सीटर बस. पहाटे ४ ला निघायचं, १० ला पार्कच्या दारात, दिवसभर सगळे एकत्र, रात्री ८ ला निघून पहाटेपर्यंत घरी. वॉटर पार्कही त्याच दिवशी उरकावं असं पोरांचं म्हणणं. दिवाळीनंतर जावं की मे महिन्यात, यावर घरात दोन तट आहेत.

तारीख, गाडी, मुक्काम आणि म्हाताऱ्या माणसांचं काय, या चारांवर सल्ला हवा. 'मुळात जाताच कशाला' हा सल्ला घरात फुकट आणि भरपूर मिळालाय, तो नको.

तिरफळ

बेत वाचूनच पाय दुखले.

खाजणातला_खेकडा

घरासमोर दर्यो आसताना लाटेक पैसे देवक खय चललात?

वाशिष्ठी_काठ

रात्रीचा परतीचा प्रवास आधी खोडा, बाकीचं मग बोलू. पहाटे ४ ला गाडी दारात लावायची म्हणजे चालक ३ ला उठलेला. दिवसभर तो पार्किंगमध्ये गाडीतच, पंख्याशिवाय. झोप होत नाही. रात्री ८ ला निघून तोच माणूस वाकण, माणगाव, महाड, कशेडी, परशुराम असा पहाटेपर्यंत गाडी हाकणार. मागे २३ जण गाढ झोपलेले, त्याच्याशी बोलायलाही कोणी जागं नाही. दोन चालक घ्या किंवा मुक्काम करा. तिसरा मार्ग नाही.

अंतर असं पडतं: गुहागर-चिपळूण सुमारे ४५ किमी, चिपळूण ते वाकण फाटा १४० च्या आसपास, वाकणला महामार्ग सोडून उजवीकडे पाली-खोपोली रस्त्याला लागलात की तिथून तीसेक. एकूण २२० धरा. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाची वळणं वाचतात, पण माणगावची बाजारपेठ हा वेगळाच घाट आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे तासभर सहज जातो. मोठी गाडी आणि म्हातारी माणसं म्हणजे दर दोन तासांनी थांबा आलाच. सहा तासांच्या आत पोचायचा हिशेब मांडू नका.

काटकसर_काका

मुक्काम म्हणजे २३ जणांच्या खोल्या, दोन वेळचं जेवण, नाश्ता. एका दिवसात जमणारी गोष्ट दोन दिवस कशाला ताणायची? लोक एका रात्रीत मुंबईला जाऊन येतात.

वाशिष्ठी_काठ

@काका, भाड्याच्या गाड्यांचा नियम बघा. बाहेरगावच्या फेरीला बहुतेक जण दिवसाला किमान ३०० किमी लावतात. जाऊन-येऊन ४४० आणि इकडेतिकडे ५०-६०, म्हणजे ५०० झाले. तुमची 'एका दिवसाची' सहल मध्यरात्र ओलांडते, तेव्हा दोन दिवसांचे किमान ६०० आणि चालकाचा रात्रभत्ता तसाही लागतो. म्हणजे दुसऱ्या दिवसाची गाडी तुम्ही विकत घेताय आणि वापरत नाही. मुक्कामाचा जादा खर्च फक्त खोल्या आणि जेवण.

ठरवताना लेखी घ्या: किमी गॅरेजपासून मोजणार की तुमच्या दारापासून, टोल आणि पार्किंग कोणाचं, एसी घाटात बंद करणार का, चालकाच्या जेवणाचं काय. नंबरप्लेट पिवळी हवी. पांढऱ्या प्लेटची ओळखीतली गाडी स्वस्त पडते, पण भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

सोनचाफा

मला एक २६ सीटर हीच मुळात चूक वाटते. दोन ट्रॅव्हलर घ्या, एक १७ ची आणि एक १३ ची. कारण आरामाचं नाही, पार्कातून बाहेर पडण्याचं आहे.

दुपारी साडेतीनला २ वर्षांचं पोर रडून हैराण होणार, आजींचे पाय सुजणार, आजोबांना आडवं व्हायचं असणार. त्याच वेळी १४ ते २२ वाल्यांचा दिवस खरा सुरू होतो, कारण ऊन उतरतं आणि रांगाही. गाडी एकच असेल तर दोनांतलं एक होतं: म्हातारी माणसं बाकावर बसून चार तास घड्याळ बघतात, नाहीतर तरुणांना ओढून बाहेर काढावं लागतं. गाड्या दोन असतील तर लहान गाडी ४ ला मुक्कामावर परतते, मोठी पार्क बंद होईपर्यंत थांबते. रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र. 'दिवसभर सगळे एकत्र' हा हट्ट सोडा, बाकीचे प्रश्न आपोआप सुटतील.

तिरफळ

+१. २३ जण दिवसभर एकत्र राहायला ती काय पालखी आहे?

काटकसर_काका

दोन गाड्या, दोन चालक, दोन भत्ते. आणि १७ + १३ म्हणजे ३० जागा, सात रिकाम्या. त्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांना घरीच राहू द्या. त्यांना काय पाळण्यात बसायचंय?

सोनचाफा

रिकाम्या नाहीत. ट्रॅव्हलरला डिकी नावापुरती असते. २३ जणांच्या एका रात्रीच्या बॅगा, काठ्या, बाळाची ढकलगाडी आणि ओले कपडे त्या सात जागांवर जातात. आणि ज्यांच्या नावाने घर एकत्र येतं त्यांनाच घरी ठेवायचं, तर मग ती शाळेची सहल झाली.

कुंपणावरची_घोरपड

तारखेबद्दल. गुहागर म्हणजे थोडीफार आंबा-काजूची बाग असणारच असं धरतो. मे बाद: आंबा काढणी, पेट्या, घरी पाहुणे, वर खोपोलीचं ऊन. घाटपायथ्याला हवा कोंडते, समुद्रावरचा वारा तिथे नाही. जून-जुलै लावणी. पावसात पार्क हिरवागार दिसतो, गर्दीही कमी, पण विजा किंवा जोराचा पाऊस आला की उंच राईड थांबवतात. तिकीट काढून छत्रीखाली उभं राहायची तयारी हवी. भाद्रपदात घरात गणपती. ऑक्टोबरात कापणी-झोडणी. डिसेंबरात मोहोर फुटला की फवारण्या, घरातला एक माणूस बागेला बांधलेला.

उरतो तो दिवाळीनंतरचा काळ. दिवाळीचा आठवडा नव्हे, तेव्हा सगळी मुंबई-पुणे तिथेच असते. सुट्टीचे शेवटचे तीन-चार दिवस किंवा शाळा सुरू झाल्यावरचा एखादा मंगळवार-बुधवार. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत मधल्या वारी शाळांच्या सहली येतात. चाळीस-पन्नास पोरांच्या बसगाड्या एकदम दहा-अकराला उतरतात आणि पाचच्या सुमारास निघतात. अशा दिवशी मोठ्या राईड दारं उघडताच किंवा साडेचारनंतर करायच्या.

पंचांगही बघा. पार्क पालीच्या वाटेवर आहे. संकष्टी, त्यातून अंगारकी असली तर बल्लाळेश्वराच्या गर्दीने पालीत गाडी हलत नाही. माघी गणेशजयंतीला तर विचारच नको.

पोफळीची_बाग

इतक्या प्रतिक्रियांबद्दल आभार. मे महिन्याचा तट आत्ताच कोसळला. पालीचं नाव निघालंच आहे तर मुक्काम तिथेच, ही कल्पना घरी पटकन पटेल असं वाटतंय, आजींना बल्लाळेश्वर करायचाच आहे. @सोनचाफा, दोन गाड्यांचं पटलं, पण म्हाताऱ्या माणसांना आत करण्यासारखं काही आहे का? न बसणाऱ्यांसाठी वेगळं तिकीट असतं का?

हिशेबी

फक्त आत फिरणाऱ्यासाठी वेगळं तिकीट असेल असं धरून चालू नका. वय, उंची, गट, वार यांप्रमाणे दर बदलतात आणि तारखेनुसारही, म्हणून २३ जणांची यादी हातात ठेवून पार्कच्या चौकशी क्रमांकावर फोन करा आणि हे विचारा: ज्येष्ठांना सवलत आहे का, मुलांचं तिकीट वयावर की उंचीवर, किती जणांपासून गटाचा दर लागतो, जीएसटी धरून दर की वेगळा, एकदा बाहेर पडल्यावर परत आत घेतात का, चाकाची खुर्ची मिळते का आणि तिची अनामत किती, तारीख बदलता येते का आणि किती दिवस आधीपर्यंत.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. २३ जणांच्या गोतावळ्यात कोणाला ताप, कोणाची परीक्षा, कुठे सोयर, कुठे सुतक. सगळी तिकिटं एकाच बुकिंगवर काढू नका. चुलीप्रमाणे तुकडे पाडा. एका घराला गळावं लागलं तर बाकीच्यांच्या तिकिटांना हात लागत नाही. गटाचा दर मिळवायला एकत्रच काढावी लागत असतील तर सवलत किती आणि जोखीम किती हे मांडून बघा.

वर्गणीचं: गाडी आणि मुक्काम डोक्यावर वाटा, तिकिटं ज्याची त्याने. आजी-आजोबांचा खर्च मुलामुलींत समान. आत खाणं, लॉकर, फोटो यांसाठी प्रत्येक तुकडीच्या म्होरक्याकडे वेगळी रोकड. दहा रुपयांच्या पाण्यावरून रात्री हिशेबाची बैठक नको.

सोनचाफा

@पोफळीची_बाग, आजी-आजोबांसाठी आत आहे, पण मोजकं. 'आय फॉर इंडिया' हा उडत्या खुर्च्यांचा पडदा आहे, भारतातली ठिकाणं वरून दिसतात. पाय लोंबकळतात, पण गरगर नाही. सत्तरीतल्यांना बहुतेकदा चालतं. खुर्चीत चढण्या-उतरण्यासाठी गुडघा किती वाकवावा लागतो ते आधी दारावर विचारा. शिवाय घोड्यांचं चक्र आणि बसून बघायचे खेळ. म्हाताऱ्या माणसांना चालण्यापेक्षा उभं राहण्याचा त्रास जास्त. म्हणून आजींना चालता येत असलं तरी चाकाची खुर्ची घ्याच, रांगेत बसता येतं. 'मला काय झालंय' हे उत्तर येईल. खुर्चीत आधी बाळाची पिशवी ठेवा, मग तासाभराने आजी आपण होऊन बसतील.

दारात शिरल्यावर पहिलं काम: सावलीत, स्वच्छतागृहाजवळ, पंखा किंवा एसी असलेली एक जागा पक्की करणं. तीच दिवसभराची ओसरी. मधल्या वयाच्या आठांपैकी दोघांनी दीड-दीड तासाची पाळी लावून तिथे थांबायचं. पाळी कागदावर लिहा. नाहीतर दरवेळी त्याच एका सुनेची पाळी येते आणि घरी परतल्यावर त्याचे पडसाद उमटतात.

पंक्तीला_शेवटची

हे शेवटचं वाक्य मोठ्या टायपात छापा.

यंत्रवत

राईडच्या रांगेचं गणित कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. फलकावरच्या वेळेपेक्षा स्वतः मोजा. समजा एका फेरीत २४ जण बसतात आणि दर ३ मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ४८० माणसं. तुमच्यापुढे २४० असतील तर अर्धा तास. आता मोठ्या रोलरकोस्टरच्या रुळाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एकाच गाडीला परवानगी असते. पुढची गाडी बाहेर पडल्याशिवाय मागची सोडत नाहीत. गर्दी कमी म्हणून दोनऐवजी एकच गाडी चालवली तर क्षमता जवळपास निम्मी होते, आणि दिसायला छोटी रांगही तासभर खाते. म्हणून रांगेत शिरायच्या आधी पाच मिनिटं उभं राहून दोन गाड्या सुटण्यातलं अंतर बघा.

क्रम: दार उघडल्यावर लोक पहिली दिसेल ती राईड धरतात. तुमच्या पाच जणांनी सरळ नायट्रो या मोठ्या कोस्टरकडे चालत सुटायचं, मग डीप स्पेस, मग स्क्रीम मशीन आणि डेअर टू ड्रॉप. पाण्याच्या राईड, म्हणजे राजासॉरस आणि स्प्लॅश अहॉय, दुपारी उन्हात. सकाळी भिजलात तर ओल्या पँटने दिवस काढावा लागतो आणि मांड्या सोलवटतात. नायट्रोला पायाखाली तळ नसतो, पाय मोकळे लोंबतात. चप्पल काढावी लागते, चष्मा-मोबाईल आधीच कोणाकडे तरी द्या. पट्ट्याचे बूट घातलेले बरे.

उंची: ९ आणि ७ वाल्यांना घरीच भिंतीला टेकवून सेंटीमीटरमध्ये मोजा आणि पार्कच्या यादीशी ताडून कुठल्या राईडला बसता येतं ते कागदावर लिहा. दोन सेंटीमीटर कमी असेल तर 'बघू, सोडतील' असं पोराला सांगू नका. खांद्यावरचा किंवा मांडीवरचा अडसर एका किमान शरीरासाठी बनवलेला असतो. लहान अंग त्यातून सरकतं. दारावरचा माणूस तिथे दयामाया दाखवत नाही आणि दाखवूही नये.

खाजणातला_खेकडा

पाच मिनिटं मोजूक उभं रवाचा, तवसर आमचो नंबर इलो नसतो?

यंत्रवत

@खेकडा, एकाला रांगेत उभं करा, दुसऱ्याने मोजावं.

डॉ_बिब्बा

औषधांची बाजू.

रक्तदाब आटोक्यात नसणारे, हृदयविकाराचे, मान-कमरेचा त्रास असणारे, नुकतंच ऑपरेशन झालेले आणि गरोदर स्त्रिया यांनी झटक्याच्या राईड टाळायच्या. 'मधल्या वयाचे आठ' यांच्यातच लपवणारे जास्त असतात. स्पाँडिलायटिस असूनही भाच्यांपुढे मागे हटायचं नाही म्हणून बसतात.

आजोबांचं इन्सुलिन गाडीत ठेवू नका. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत चटकन ४५ अंशांपुढे जातं आणि औषध निकामी होतं. वापरातलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं, बरोबरचा कागद बघून घ्या. थर्मासच्या पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटून नको; गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. इन्सुलिन घेतल्यावर जेवण हातात यायला तास लागला तर साखर खाली येते. म्हणून ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. बरोबरच्या तिघांच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर हवी, एकाच्या नाही.

प्रवासात उलटी होणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यायची. परशुराम घाटात मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. दोन वर्षांच्या पोराला आपल्या मनाने ॲव्होमिन देऊ नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती किती वाजता घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरवा. परस्पर बंद करू नका.

ओआरएस नेताना पाकीट वाचा. काही एका लिटरची असतात, काही २०० मिलीची. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर पोराची तब्येत सुधारायच्या ऐवजी बिघडते.

कुळीथ_पिठी

खाण्याचं कोणीच बोललं नाही, कमाल आहे. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं आणि औषधं दाखवली तर बहुधा अडवत नाहीत. म्हणून डबा प्रवासापुरताच. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी, उकडलेले बटाटे. ओल्या नारळाची चटणी अजिबात नको, गाडीच्या उष्म्यात चार-पाच तासांत आंबते. पहाटे घावणे करून नेले तर ते गार होऊन चिवट होतात, ते घरीच खाऊन निघा. कोकमाचं आगळ बाटलीत, साखर-मीठ वेगळं, वाटेत पाण्यात कालवायचं.

आत जेवायला १२ ला बसा किंवा अडीचनंतर. मधल्या दोन तासांत २३ जणांना एकत्र टेबल मिळणं अशक्य. तुकड्या पाडा. आणि निघायच्या आदल्या रात्री विचारून ठेवा: कोणाचा मार्गशीर्षातला गुरुवार, कोणाची एकादशी, कोण मासे-मटण खात नाही. देवदर्शनाच्या दिवशी सगळेच शाकाहारी धरले तर वाद मिटतो. मासे परतीच्या वाटेवर, चिपळूण आल्यावर.

तिरफळ

चिपळूणला मासे खायला थांबणारे गुहागरकर? ओहोटी आली वाटतं.

भरती_ओहोटी

बोलावलंत, आलो. वॉटर पार्क त्याच दिवशी उरकायचा विचार सोडा. त्याचं तिकीट, कपडे, लॉकर सगळं वेगळं. दोन्हीकडचा अर्धा-अर्धा दिवस वाया जातो. यंदा एकच निवडा. तुमच्या वयोगटाला कोरडा पार्क बरा, तिथे न बसणाऱ्यालाही बघायला काहीतरी असतं. पाण्यात न उतरणाऱ्या आजींना वॉटर पार्कात फक्त ओल्या फरशीची भीती.

तरी गेलातच तर नायलॉन किंवा लायक्राचे कपडे लागतात. सुती कपडा पाणी पितो, जड होऊन खाली ओढतो, त्याचे धागे गाळणीत अडकतात, म्हणून अडवतात. साडी-जीन्सवर सोडत नाहीत. भाड्याने मिळतात, पण मापं मिळतीलच असं नाही; चिपळूणच्या बाजारातून नेलेले बरे. दोन वर्षांच्या पोराला पाण्यातला वेगळा डायपर, साधा फुगून फुटतो.

आणि @खेकडा, लाटेला पैसे का द्यायचे ते ऐक. लाटांच्या तलावात भोंगा वाजल्यावर लाट येते, तळ सपाट उताराचा असतो, मागे ओढणारा प्रवाह नसतो आणि काठावर शिट्टीवाला उभा असतो. गुहागरच्या किनाऱ्यावर यातलं काहीही नाही. मात्र समुद्राशेजारी वाढलेली पोरं तलावाला क्षुल्लक समजतात आणि खोल बाजूला पळतात. ४ आणि ७ वाल्यांना हाताने धरून ठेवायचं. फुगवलेलं चक्र लाटेत अंगातून निसटतं.

खाजणातला_खेकडा

बरा. ह्या मात्र खरा.

रुळावरचा

रेल्वेचा पर्याय कोणी विचारात घेतला नाही. आजींची कंबर गाडीत सहा तास टिकणार नसेल तर ज्येष्ठ सहा जण आणि दोन सोबती चिपळूण ते पनवेल रेल्वेने, तिथून गाडीने. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा, तत्काळला चार. खालच्या बर्थचा ज्येष्ठांसाठीचा कोटा पुरुष ६० आणि स्त्रिया ४५ पासून, पण एकटे किंवा दोघे असतील तरच. आजी-आजोबांना मोठ्या घोळक्याच्या तिकिटात घातलंत की तो लाभ जातो. त्यांचं दोघांचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका.

वाशिष्ठी_काठ

@रुळावरचा, माहिती चोख, पण गुहागरला स्टेशन नाही. घर ते चिपळूण गाडी, मग रेल्वे, मग पनवेलहून उलट खोपोलीकडे गाडी: तीनदा चढउतार. गुडघे गेलेल्या माणसाला चढउतार जास्त जाचतो. ट्रॅव्हलरमध्ये दाराजवळची एकेरी सीट, पायाखाली लहान स्टूल आणि कमरेला उशी, हे बरं. पायरी उंच असते म्हणून प्लास्टिकचं बुटकं स्टूल न्याच.

काटकसर_काका

एसटीचा नैमित्तिक करार (अख्खी बस भाड्याने) कोणी सुचवला नाही. महिलांना अर्धं तिकीट, ७५ च्या वर फुकट.

हिशेबी

@काका, करारात पैसे गाडीच्या किलोमीटरवर लागतात, माणसावर नाही; तिथे ६५ ते ७५ ची अर्धी, ७५ वरची मोफत आणि महिलांची अर्धी सवलत कशी बसणार? नेहमीच्या फेरीला त्या सवलती उत्तम आहेत. फक्त पार्कच्या दारात एसटी रात्री तुमची वाट बघत नाही.

सोनचाफा

पोरं हरवण्याचं राहिलं. सकाळी निघताना चारही मुलांचे त्या दिवशीच्या कपड्यांतले फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. दंडावर किंवा मनगटाला नंबर असलेली पट्टी. नुसता बॉलपेनने लिहिलेला नंबर पहिल्या पाण्याच्या राईडला पुसला जातो. गर्दीत मोबाईल लागेलच असं नाही, म्हणून घड्याळावर भेटी: १२, साडेतीन, सहा. त्या वेळेला रांगेत अर्ध्यावर असलात तरी एकाने बाहेर पडून हजेरी द्यायची.

पोफळीची_बाग

घरी वाचून दाखवलं. बदललेला बेत, चुका काढा.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा मंगळवार-बुधवार, चतुर्थी नाही हे बघून. दोन ट्रॅव्हलर. मंगळवारी सकाळी ७ ला निघून दोनच्या सुमारास पाली, खोल्या, विश्रांती, संध्याकाळी दर्शन. बुधवारी मोठी गाडी (तरुण आणि मधले, १३ जण) दार उघडण्याआधी पार्कवर. लहान गाडी आजी-आजोबा, ज्येष्ठ चौघे, चार पोरं घेऊन ११ ला. ती ४ ला पालीला परत. मोठी पार्क बंद झाल्यावर. गुरुवारी सकाळी महडचा वरदविनायक करून घरी. वॉटर पार्क रद्द, पोरांनी मोर्चा काढलाय.

हिशेबी

तीन दिवस झाले म्हणजे किमान ९०० किमीचे पैसे, तुमची धाव ५५०-६०० ची. शिवाय महड पार्कच्याही पुढे आहे, म्हणजे घराच्या उलट दिशेला. मंगळवारी निघून गुरुवारीच यायचं असेल तर तीन दिवसांचा एकठोक दर ठरवा, किलोमीटरवर जाऊ नका. धाव कमी आहे हे दाखवलंत की गाडीवाला ऐकतो.

वाशिष्ठी_काठ

दोन दुरुस्त्या. लहान गाडीत पोरं चार आणि ज्येष्ठ सहा असे दहा. त्यांच्याबरोबर किमान दोन धडधाकट मोठी माणसं हवीत. एक आजींच्या खुर्चीला, एक २ वर्षांच्याला. म्हणजे १२, आणि मोठ्या गाडीत ११.

दुसरं, चालकाला सांगताना 'खोपोलीजवळचं महड' असं पूर्ण सांगा. नुसतं नाव ऐकून मोबाईलवर महामार्गावरचं महाड लावतात आणि गाडी घराच्या वाटेला लागते.

कुंपणावरची_घोरपड

पालीत आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घेऊन मग बल्लाळेश्वर करण्याचा प्रघात आहे, आजींना माहीत असेलच. देवस्थानच्या भक्तनिवासात जागा आहे का ते आधी विचारा, २३ जणांसाठी तेच परवडतं. तळमजल्याच्या किमान दोन खोल्या मागून घ्या. मधल्या मोकळ्या वेळात उन्हेऱ्याचे गरम पाण्याचे झरे जवळच आहेत, गुडघेवाल्यांना बरं वाटतं. रक्तदाबवाल्यांनी पाय सोडून बसावं, डुंबू नये.

डॉ_बिब्बा

@घोरपड, मधुमेहवाल्यांनी पायही आधी हाताने पाणी बघूनच सोडावा. तळपायाची संवेदना कमी असेल तर चटका कळत नाही.

पोफळीची_बाग

१२ आणि ११ केलं. एकठोक दराचं उद्या गाडीवाल्याशी बोलते. एक राहिलंच: दोन गाड्यांत नाश्त्याचे डबे कसे वाटायचे? सगळे एकाच गाडीत ठेवले तर दुसरी उपाशी.

कुळीथ_पिठी

माणशी पुडकी बांधा. चार पुऱ्या, एक दशमी, चटणीची पुडी, कागदात गुंडाळून वर नाव. लहान गाडीत दोन पुडकी जास्त ठेवा, चालकांची. आणि पाण्याचे २० लिटरचे दोन जार, एकेका गाडीत एक, नळाच्या तोटीसकट.

तिरफळ

चालकांची दोन पुडकी लहान गाडीत, आणि मोठीचा चालक मोठीत. पुन्हा वाटा.